न पाहिलेल्या गावची गाडी

मी बोलतेय, दचकू नका. पुढच्या सीटवर कुणी नाही, मागे वाकून बघितलंत तरी सापडणार नाही. इमारतीच्या मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांच्या पलीकडे जी करड्या रंगाची, जराशी बसकी गाडी उभी आहे, ती मी. या देशात करड्या गाड्या पैशाला पासरी आहेत, पण त्यांतली मराठी येणारी मी एकटी. इथल्या भाषेतलं मला ‘पेट्रोल संपत आलंय’ एवढंच धड समजतं. मराठीतला मात्र टोमणासुद्धा कळतो.

मराठी कशी आली, ते सांगते. सांगताना थोडं तिखटमीठ लावेन. माझ्या वयाच्या गाडीला तेवढी मुभा असते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तो इतका मोठा होता की एका टोकाला ऊन असायचं आणि दुसऱ्या टोकाला पाऊस. तिथे लोखंडी हात रांगेने उभे होते. एकाने दारं बसवली, एकाने काचा. ज्याने रंग दिला त्याचा माझ्यावर जीव जडला होता, म्हणून डावीकडच्या मागच्या दारावर रंगाचा एक थर जास्त आहे. विश्वास नसेल तर नखाने टोकरून बघा. पण हळू.

माझा पहिला धनी दातांचा डॉक्टर होता. अबोल माणूस. मला इतकं स्वच्छ ठेवायचा की जांभई आली तरी काच खाली करून बाहेर द्यायचा. त्याच्याकडे असताना मी एकही शब्द शिकले नाही, कारण तो एकही बोलला नाही.

पुढे त्याची नजर अधू झाली आणि त्याने मला विकायला काढलं. बघायला एक जोडपं आलं. दोघंही या देशात नवीन. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. बायको गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नर्स होती आणि तिच्या पाळीच्या वेळेला तिकडे बस जात नव्हती. नवऱ्याने माझ्या टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून विहिरीत पडलेली बादली शोधावी तसा आत वाकला आणि मान डोलावली.

‘तुला काय कळलं?’ बायकोने विचारलं.

‘काही नाही. पण मालक बघतोय ना. डोलवावी लागते.’

मग तिने तिच्या बाबांना फोन लावला. बाबा तिकडे त्यांच्या गावी. हयातभर प्रवासी बस चालवून निवृत्त झालेले. इंजिनाशेजारी बसून बसून कान गेलेले, त्यामुळे बोलणं असं की मध्ये फोन नसता तरी इथवर ऐकू आलं असतं.

‘जावईबापू, चालू करा. फोन इंजिनापाशी धरा. जवळ. अजून जवळ, ते काही चावत नाही.’

नवऱ्याने फोन धरला. नेमका तेव्हाच मागून कचऱ्याचा ट्रक घरघरत गेला.

‘वा,’ बाबा म्हणाले. ‘काय दम आहे. डोळे मिटून घ्या.’

बाबांनी पसंत केला ट्रक आणि घरी आले मी.

परक्या देशात गाडी घेतली म्हणजे ती लगेच चालवता येते, असं नाही. नवऱ्याचं तिकडचं लायसन्स इथे सुरुवातीपुरतंच चालणार होतं, पुढे नव्याने परीक्षा. विम्याच्या ऑफिसातल्या बाईने विचारलं, किती वर्षं अपघात न करता चालवलीत? त्याने छाती फुगवून आकडा सांगितला. ती गोड हसली आणि म्हणाली, तिकडची वर्षं आम्ही धरत नाही.

‘म्हणजे मी काल जन्मलो का?’ घरी येईपर्यंत त्याची धुसफूस चालू होती. ‘म्हैस, हातगाडी आणि शाळा सुटलेली पोरं एकाच वळणावर चुकवलेला माणूस आहे मी.’

‘ते तिला सांगायचं होतंस.’

‘म्हशीला इथे काय म्हणतात, तेच आठवेना.’

तो परीक्षा पास झाला, पण त्याचं मन माझ्यावरून उतरलं ते उतरलंच. मी खरी झाले ती तिची.

तिला गाडी येत नव्हती. बाबांनी दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, मिसरूड फुटायच्या आत शिकवली होती. हिला म्हणाले, ‘घरात दोन ड्रायव्हर आहेत, तू ऐटीत मागे बस.’ ती मागे बसली. लग्न होऊन घराबाहेर पडेपर्यंत बसली. ऐट काही आली नाही.

यांचं घर या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. भिंती अशा पातळ की शेजारच्याने कूस बदलली तर यांनी पांघरूण सावरावं. आणि बाबांशी बोलायचं म्हणजे ओरडणं आलं. वरच्या मजल्यावर एक एकटी बाई राहायची. तिला हे ‘वरची बाई’ म्हणत. हिने ‘बाबा, जेवलात का’ असं विचारलं की वरून काठी आपटायची. ठक, ठक, ठक.

‘कोण आलंय गं?’ बाबा विचारायचे. ‘दार उघड की.’

एक दिवस ती फोन घेऊन जिना उतरली, माझ्यात बसली, काचा वर केल्या आणि पोटभर ओरडली. त्या दिवसापासून मी गाडी कमी आणि ओसरी जास्त झाले. बाबांशी बोलायचं माझ्यात, रडायचं माझ्यात, भांडायचंसुद्धा माझ्यात. नवराबायकोचं कडाक्याचं वाजलं की दोघं निमूट कोट चढवायची, खाली यायची, सीटबेल्ट लावायची आणि मग तोंडं सोडायची. बेल्ट अशासाठी की मध्येच कुणाला उठून जाता येऊ नये.

मराठी मी अशी शिकले. आधी शिव्या, मग लाडाचे शब्द, आणि शेवटी ‘आवाज येतोय का’.

एका दुपारी बाबांनी विचारलं, ‘ठके, कुठून बोलतेस?’ ठकी हे त्यांनीच तिला लहानपणी पाडलेलं नाव.

‘गाडीतून.’

‘जावईबापू कुठे नेतायत?’

‘तो कामावर आहे. मीच बसलेय स्टिअरिंगपुढे. शिकतेय मी, बाबा. तुम्ही इकडे आलात की विमानतळावर मी घ्यायला येणार. मी स्वतः.’

‘तू?’ बाबा म्हणाले. ‘मग मी चालत येतो.’

ती हसली. फोन ठेवल्यावर मात्र माझ्या स्टिअरिंगवर कपाळ टेकून बराच वेळ बसली. ‘बसवणारच यांना,’ ती पुटपुटली. ‘शेजारी बसवणार आणि मी चालवणार.’ तिच्या मनाने हेच घेतलं, आणि ती माझ्याशी इतकं बोलायची की माझ्याही मनाने घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आपणहून फोन केला. ‘आरसे नीट लावलेस का?’

तिथून शिकवणी सुरू झाली. इंजिन बंद, चावी तिच्या पर्समध्ये, चाकं जागच्या जागी. फोन माझ्या काचेपाशी टेकवलेला आणि त्यातून बाबा त्यांच्या गावातून गाडी नेतायत.

‘घरापुढून निघालो. गिरणीपाशी हळू, कुत्री रस्त्यात झोपतात. आता पोस्टाचा चढ. पहिला टाक. अगं, क्लच असा सोडतात का? झोपलेल्या पोराखालून हात काढतो तसा सोड. हं. आता उतार. ब्रेकवर नुसता पाय ठेव, दाबू नकोस.’

ती स्टिअरिंग फिरवायची, गिअर टाकायची, घामाघूम व्हायची. माझं म्हणाल तर पोस्टाच्या चढावर मी खरोखर तापायची. एकदा बाबांनी नदीकाठच्या रस्त्याने नेलं, तर माझ्या चाकांना चिखल लागला होता. वरच्या बाईने पाहिलाय. विचारा तिला.

असंच एकदा बाजारातून चाललो होतो. बाबा ओरडत होते, ‘सायकलवाला! डावीकडे दाब, डावीकडे!’ ही दात आवळून स्टिअरिंग दाबत होती आणि ‘सरका, सरका’ म्हणत होती. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर दोन पोलीस. उभ्या गाडीत एक बाई एकटीच किंचाळतेय असं कुणीतरी कळवलं होतं. कुणी, ते सांगायला नको. वर पडदा हलत होता.

‘काय झालं? का थांबलीस?’ फोनमधून बाबा.

‘बाबा, पोलीस आलेत.’

‘मग गाडी बाजूला घे.’

‘बाजूलाच आहे बाबा. कधीची.’

पोलिसांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, तिला सलाम केला आणि निघून गेले.

खऱ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी नवरा शेजारी बसून तिला शिकवायचा. तिचा हात बसला, भीती गेली. परीक्षेला आपली गाडी नेता येते, म्हणून तिने मलाच नेलं. परीक्षक एक किडकिडीत गृहस्थ, मांडीवर पाटी आणि हातात पेन्सिल. सुरुवात झकास झाली. आरसे, गिअर, नजर, सगळं बाबांसारखं. मग दवाखान्यापुढचं मोठं सर्कल आलं.

इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि सर्कलला उजवीकडून शिरतात. तिला ते चांगलं ठाऊक होतं. पण नवऱ्याबरोबर आठवड्यातून एकदा आणि बाबांबरोबर रोज, असं तिचं शिक्षण झालेलं. परीक्षक ‘पुढे चला’ म्हणाला आणि तिच्या कानात बाबा बोलले. ‘सर्कल आलं ठके, डावीकडून घाल.’ तिने ऐटीत डावीकडून घातलं.

समोरून पावाची गाडी आली. तिच्या मागे बस. बसच्या मागे सगळं गाव. कुणी हॉर्न वाजवला नाही. सगळे थांबले आणि आमच्याकडे बघत राहिले. पाववाल्याने तर टोपी काढून छातीशी धरली. परीक्षकाच्या हातातली पेन्सिल मोडली होती. त्याने मऊ आवाजात तिला उतरायला सांगितलं आणि मला स्वतः परत आणलं.

संध्याकाळी तिने फोन लावला आणि सगळं सांगितलं. 

‘म्हणजे तुमच्याकडे सगळं उलटं?’ बाबा म्हणाले.

‘सांगितलं होतं मी, बाबा.’

‘मला वाटलं, फक्त स्टिअरिंग उलटं.’ मग जरा वेळाने, ‘ठके, मग मी एवढे दिवस तुला काय शिकवलं?’

‘आपल्या गावात गाडी चालवायला शिकवलंत,’ ती म्हणाली. 

पुढचे काही दिवस बाबांचा फोनच नाही. आला तो दादाचा. ‘अगं, बाबांना काय सांगितलंस तू? रोज सकाळी अंगणातल्या टाकीभोवती उलट्या फेऱ्या मारतायत. हात असे पुढे धरून. शेजारचे विचारतात, डॉक्टरांनी सांगितलंय का.’

आणि मग एका दुपारी बाबा फोनवर हजर. ‘चल, बस. घरापुढून निघालो. उजवीकडून चालायचं. गिरणी आता डाव्या हाताला येणार.’ त्यांनी सगळं गाव माझ्यासाठी फिरवून ठेवलं होतं. पोस्ट इकडचं तिकडे, शाळा तिकडची इकडे. कधी अडखळायचे, ‘थांब, थांब, नदी कुठे गेली’ म्हणायचे आणि पुन्हा घरापासून निघायचे. त्या वयात, हयातभर डावीकडून चाललेला माणूस.

ती पास झाली. पेन्सिल शाबूत राहिली.

हवा उबदार झाल्यावर बाबा आले. ती नवऱ्याला मागे बसवून मला विमानतळावर घेऊन गेली. बाबा ताठ, पांढऱ्या मिशांचे, पिशवी कुणाच्या हातात न देणारे. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, चाक हाताने दाबून बघितलं.

‘फोनवर हिचाच आवाज ऐकला होता ना मी? भारदस्त वाटली होती.’

मी गप्प राहिले.

आयुष्यभर ज्याने चालवलं त्याला ‘तुम्ही शेजारी बसा’ कसं सांगायचं, याची वाक्यं ती आठवडाभर माझ्यात बसून पाठ करत होती. ‘बाबा, दमला असाल.’ ‘बाबा, इथले नियम वेगळे आहेत.’ एकही वाक्य कामी आलं नाही. बाबा सवयीने उजव्या बाजूला गेले, उजवं दार उघडलं, ड्रायव्हरच्या थाटात बसले आणि दोन्ही हात पुढे नेले. हातांना काही सापडलं नाही. ते हात तसेच हवेत धरून त्यांनी डावीकडे बघितलं. तिथे ती बसली होती, स्टिअरिंग धरून, रडू की हसू अशा चेहऱ्याने.

‘असं आहे होय,’ बाबा म्हणाले आणि हात मांडीवर ठेवले.

मी निघाले. मी शपथेवर सांगते, इतकं गुळगुळीत मी कधी चालले नव्हते. रस्त्यातल्या खड्ड्यांना मी मनातून हात जोडत होते.  बाबांचा उजवा पाय पायाखालच्या मॅटवर ब्रेक शोधत होता. समोर कुणी आडवं आलं की दाबायचा. वळण आलं की दाबायचा.

त्या मुक्कामात आम्ही खूप हिंडलो. तळ्यावर गेलो, तिच्या वृद्धाश्रमात गेलो, नवऱ्याच्या दुकानात बाबांसाठी चष्मा करायला गेलो. रोज ती एका शब्दाची वाट बघायची.

‘कशी आहे गाडी, बाबा?’

‘गाडी चांगलीय.’

‘आणि?’

‘आणि रस्ते चांगले आहेत.’

मॅटवर उजव्या बाजूला बाबांच्या टाचेची खळगी पडली. शब्द काही आला नाही. ती नवऱ्याला म्हणायची, ‘जाऊ दे. शेजारी बसले, हेच खूप.’ पण ते तिला खूप नव्हतं. मला कळत होतं. स्टिअरिंग धरलेला हात खोटं बोलत नाही.

जायच्या दिवशी दुपारी विमानतळाकडे निघालो. ऊन काचेतून आत येत होतं. मागून नवरा हळूच म्हणाला, ‘बाबा झोपले वाटतं.’

तिने बघितलं. मान खिडकीकडे कललेली, मिशा श्वासाने हलतायत, हात सैल आणि मॅटवरचा पाय सपशेल निपचित.

‘अरे,’ ती पुटपुटली, ‘हे दुसऱ्याच्या गाडीत झोपत नाहीत कधी. दादाच्या गाडीतसुद्धा नाही. दादा चालवायला लागला की डोळे फाडून रस्ता बघतात.’

 विमानतळाआधीचं सर्कल आलं. ती उजवीकडून शिरली आणि बाहेर पडायचा रस्ता सोडून तिने आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक.

‘अगं, विमान जाईल.’

‘एकच.’

गोल गोल फिरत राहिलो आम्ही. मला तर वाटत होतं, असंच फिरत राहावं, पेट्रोल हवेतून मिळावं आणि विमानांनी थांबावं. बाबा झोपले होते. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि स्टिअरिंगवरचा हात मात्र बाबांनी शिकवला तसाच सैल होता.

बाबा गावी परतले. फोन चालू राहिले, पण आता गावातून फिरणं बंद झालं. उलट बाबाच इथलं विचारायचे. ‘तळ्याकडच्या रस्त्याचं काम झालं का?’ ‘ते पावाचं दुकान अजून कोपऱ्यावरच आहे ना?’ त्यांना इथले रस्ते आठवत होते आणि मला तिकडचे.

मग हिवाळ्यात एका सकाळी दादाचा फोन आला. बाबांचं उजवं अंग गेलं होतं.

‘बोलतात का?’ तिने विचारलं.

‘बोलतात. पण अगदी हळू. फोनवर नाही समजणार तुला.’

दादाने तरी फोन बाबांच्या तोंडापाशी नेला. ती काचा बंद करून, श्वास रोखून बसली. मीही काही वाजू दिलं नाही. खरखर आली, नुसती खरखर. जो आवाज समुद्र ओलांडून येत होता, तो उशीवरून फोनपर्यंत येत नव्हता.

संध्याकाळी नवरा खाली आला. दोघं बसली. बेल्ट लावले नाहीत.

‘दिवसभर मी दुसऱ्यांच्या वडलांना भरवते,’ ती म्हणाली.

‘जाऊ या,’ तो म्हणाला. ‘काचा काय, तिकडेही घासता येतात.’

मला वाटलं, आपण निघालो. खरंच सांगते, मी मनातल्या मनात आवरायला घेतलं. गिरणी, पोस्ट, शाळा, नदी, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग ती म्हणाली, ‘हिला नेता आलं असतं तर.’

‘स्टिअरिंग डावीकडे आहे हिचं. तिकडे रस्त्यावर आणू देणार नाहीत.’

माणसाचं लायसन्स बदलून मिळतं. माझं स्टिअरिंग कोण बदलणार? आयुष्यभर ज्या गावात फिरले, त्या गावात मला बंदी आहे.

मला विकत घेतलं ते वरच्या बाईने. आपणहून खाली येऊन म्हणाली, मला हवीय. जाताना ठकीने माझ्या टपावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. टॅक्सीवाला खोळंबला होता. ती टॅक्सीत मागे बसली.

वरची बाई मला फारशी नेत नाही कुठे. मी त्याच जागी उभी असते, त्याच खिडकीखाली, आणि जिन्यावर पावलं वाजली की माझी काच धुरकटते. परवा मात्र ती बाई फोन घेऊन आली, माझ्यात बसली, काचा वर केल्या आणि चक्क ओरडली. शब्द मला कळले नाहीत. पण पलीकडे कुणीतरी कमी ऐकू येणारं माणूस आहे, एवढं कळलं. तिच्याशी मी आता थोडी बरी वागते. सकाळी एका चावीत चालू होते.

तुम्ही मराठी आहात, तिकडे जाणारे-येणारे आहात, म्हणून तुम्हाला थांबवलं. ठकी भेटली तर माझा एवढा निरोप द्या.

तिला म्हणावं, तिकडे आता गाडी घेतली असशील. बाबांना शेजारी बसवून फिरवत असशील. माझ्याकडे वळायची खूण देणारा दांडा तुझ्या डाव्या हाताला होता. तिकडच्या गाडीत तो उजव्या हाताला असतो आणि डावीकडे वायपर. बाजाराच्या कोपऱ्यावर वळताना तुझा डावा हात सवयीने पुढे जाईल आणि लख्ख उन्हात वायपर चालू होतील. रस्त्यावरचे हसतील. बाबाही हसतील, अर्ध्या ओठाने. तू लगेच बंद करायची घाई करू नकोस. होऊ देत दोनचार फेऱ्या. ठकी गाडी चालवतेय, बाबा शेजारी बसलेत, आणि मी लांबून हात हलवतेय, असं समज.